सापाच्या पुढ्यातले अन्न

सापाला माणसाने अन्न देण्याची प्रथा आदिलाबाद जिल्ह्यात वर्षातून तीनदा पाळली जाते. पौष अमावस्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. श्रावण शुद्ध पंचमीला मराठी घरांत नागपंचमी होते. कार्तिक शुद्ध चतुर्थीला तेलुगू घरांतल्या बायका नागुल चवितीसाठी वारुळाशी जातात. पहिल्या सणात नागापुढे दूध ठेवले जाते, दुसऱ्यात दूध आणि लाह्या, तिसऱ्यात दुधासोबत अंडेही. यांपैकी एकाही नैवेद्यात उंदीर नाही. आज मात्र सर्पालयात किंवा हौसेने साप पाळणाऱ्याच्या घरी गेले तर सापाच्या पेटीत उंदराखेरीज दुसरे काही क्वचितच दिसते. दुधाच्या वाटीपासून पांढऱ्या उंदरापर्यंतचा हा प्रवास तीन टप्प्यांत झाला. आधी श्रद्धेने सापाचे अन्न ठरवले, मग प्रयोगशाळेने आणि त्यानंतर कायद्याने. सापाचे स्वतःचे खाणे या तिन्हींपेक्षा कितीतरी मोठे आहे आणि आदिलाबादसारख्या प्रदेशात ते शेताच्या बांधावरच पाहायला मिळते.

केसलापूरची जत्रा मेसराम या गोंड कुळाची. पौष महिना लागला की कुळातली माणसे अनवाणी पायांनी गोदावरीकडे निघतात. आजच्या मंचेरियाल जिल्ह्यात, जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू या डोहातून पाणी भरून ते पायीच परत आणतात. परतल्यावर लगेच देवळात जात नाहीत. आधी वडाच्या झाडाखाली मुक्काम पडतो, आणि अमावस्येच्या रात्री त्या पाण्याने नागोबाची महापूजा होते. पूजेच्या दिवसांत कुळातल्या स्त्रिया कोनेर नावाच्या कुंडातले पाणी आणून मातीची वारुळे घडवतात आणि ती पुजली जातात. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुनांना याच जत्रेत देवापुढे आणले जाते. या भेटीशिवाय सून कुळाच्या देवकार्यात सामील होत नाही. महापूजेच्या वेळी नागदेवता मेसरामांसमोर प्रकट होते, पुजाऱ्याने ठेवलेले दूध पिते आणि कुणालाही इजा न करता निघून जाते, अशी जुनी श्रद्धा आहे.

या श्रद्धेत साप कुणाच्या ताब्यात नसतो, हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे. केसलापूरचा नागोबा पकडून आणलेला नाही, टोपलीत ठेवलेला नाही. तो येतो आणि जातो. दूध त्याच्यासाठी असते, पण ते पाजण्यासाठी त्याची मान धरली जात नाही. गोंडांच्या अशा देव-कुळांचा अभ्यास करणारे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात निजामाच्या राज्यात गोंडांमध्ये राहिले. हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ १९४८ साली निघाला. गोंडांची कुळे, त्यांचे देव आणि प्रधान या त्यांच्या भाटांनी कीकरी या तंतुवाद्यावर गायलेल्या कुळकथा समजून घेताना तो आजही उघडावा लागतो.

मराठी नागपंचमीची मुळे शेतीत आहेत. कहाणीतल्या शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात शिरतो आणि नागिणीची पिल्ले मरतात. म्हणून त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगरायची नाही. घरात काही चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडे उकडायची. पाटावर चंदनाने किंवा भिंतीवर गेरूने नाग काढून त्याला दूध-लाह्या वाहायच्या. बायका नागाला भाऊ मानून उपवास धरतात. हा सण अगदी नेमक्या वेळी येतो. श्रावणात बिळांत पाणी शिरते, साप उघड्यावर येतात, पेरणी-कोळपणीच्या हातांना ते वरचेवर दिसतात. याच दिवसांत नांगरटीच्या डबक्यांत बेडकांचा सुकाळ असतो, म्हणजे नागाला खायला भरपूर असते. त्या दिवसांत त्याला माणसाने काही देण्याची गरज नसते, फक्त त्याच्या वाटेत फाळ येऊ नये एवढेच हवे असते. कहाणीचा नियम नेमका हाच आहे, आणि खणू नये हा त्यातला भाग सापाच्या दृष्टीने दुधाच्या वाटीपेक्षा मोलाचा.

तेलुगू घरांतली नागुल चविती दिवाळीनंतर येते. वारुळाला तिथे पुट्टा म्हणतात. हळद-कुंकू लावून पुट्ट्याच्या तोंडात दूध ओततात, तिळाचा लाडू ठेवतात आणि तेलंगणात बऱ्याच ठिकाणी अंडेही ठेवतात. सापाच्या खऱ्या आहाराशी जुळणारी या सगळ्या नैवेद्यांतली ही एकच वस्तू. नाग कोंबड्यांच्या खुराड्यात शिरून अंडी गिळतो हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक असते. ठेवलेले अंडे बहुतेक वेळा घोरपड, मुंगूस किंवा कावळाच नेतो हा भाग वेगळा. पण निवड निरीक्षणातून आलेली आहे.

दुधाचे तसे नाही. साप सस्तन नाही, त्याच्या पिल्लांना आईचे दूध मिळत नाही, आणि दुधातली साखर पचवण्याची सोय त्याच्या पोटात नसते. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो, म्हणून दूधही पितो. श्वासनलिकेचे तोंड त्याच्या जिभेच्या लगेच मागे असते. मान धरून तोंड दुधात बुडवले की दूध फुप्फुसात जाते, आणि न्यूमोनिया होऊन तो काही दिवसांत मरतो. मोकळ्या सापासमोर ठेवलेले दूध त्याचे काहीही बिघडवत नाही, कारण तो त्याकडे वळतही नाही. बिघडते ते साप माणसाच्या हातात आल्यावर.

तो माणसाच्या हातात आला गारुड्यामुळे. मराठी मुलखात गारुडी आणि तेलुगू मुलखात पामुलवाळ्ळू म्हणून ओळखली जाणारी ही माणसे पुंगी, टोपली आणि वेताची पेटारी घेऊन गावोगाव फिरत. आदिलाबादच्या बाजारांत दोन्हीकडचे येत. सणाच्या आधी काही आठवडे पकडलेल्या नागाला पाणीसुद्धा दिले जात नसे, म्हणजे पंचमीच्या दिवशी तो वाटीला तोंड लावे आणि बघणाऱ्याला चमत्कार वाटे. विषदंत उपटलेले असत. हिरडीला झालेली जखम चिघळे. काही जण ओठ दोऱ्याने शिवत आणि जीभ बाहेर येण्यापुरती फट ठेवत. अशा सापाला उंदीर देऊन उपयोग नसे, बेडूक देऊनही नसे, कारण तो जबडाच उघडू शकत नसे. बरा गारुडी अंड्याचा बलक नळीने घशात सोडी किंवा कोंबडीच्या मांसाचा तुकडा काडीने आत ढकली. बहुतेकांना त्याचीही गरज वाटत नसे, कारण सण संपला की साप संपला तरी चाले, पुढच्या वर्षी दुसरा पकडता येई. गारुड्याच्या सापाला आहारच नव्हता असे म्हणावे लागते. साप अनेक आठवडे उपाशी राहू शकतो या एका गुणावर हा सगळा धंदा उभा होता.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची रीत याहून निराळी होती आणि तिला गारुड्यांच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. गोरखनाथांनी मातीच्या नागाऐवजी जिवंत नाग पुजायला सांगितले अशी तिथली आख्यायिका. नागपंचमीच्या आधी गावातल्या मंडळ्या नाग पकडत, मातीच्या मडक्यांत ठेवत, तोंडाला फडके बांधत आणि त्यांना बेडूक-उंदीर खायला घालत. मिरवणुकीनंतर नाग पुन्हा त्याच शिवारात सोडण्याचा रिवाज होता. कोणता नाग काय घेतो, कुठला हट्टाने काहीच घेत नाही, याची जाण तिथल्या जुन्या पकडणाऱ्यांना होती. मराठी मुलखात पकडलेल्या सापाला त्याच्या खऱ्या अन्नावर ठेवण्याची लोकपरंपरा म्हणून शिराळ्याचे नाव घ्यावे लागेल. वन्यजीव संरक्षण कायदा आणि २००२ नंतरचे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांची पूजा, खेळ आणि मिरवणूक थांबली. २०२५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक कारणासाठी मर्यादित संख्येने नाग पकडण्याची परवानगी दिली तेव्हा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला.

शास्त्रीय बाजूने सापाच्या पोटात डोकावण्याचे काम मुंबईत झाले. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने १९०५ पासून भारतातल्या नेहमीच्या सापांवर लेखमाला लिहिली. मेलेला साप हाती आला की त्याची लांबी, खवले, अंडी यांबरोबर पोटातले अन्नही नोंदायचे, ही त्यांची शिस्त. त्या नोंदींतून नागाच्या पोटातले बेडूक, भेक, उंदीर, पक्षी आणि दुसरे साप कागदावर आले. मण्यार इतर सापांना खातो, दिवड माशांवर जगतो, फुरसे विंचू आणि गोम गिळते, हे शेतकऱ्याच्या बोलण्यातून मिळणारे ज्ञान आता तपासून पाहता येऊ लागले. दुधाचा थेंबही कुणाच्या पोटात सापडला नाही, हे वेगळे सांगायला नको.

पण त्याच मुंबईत, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, सापाचा आहार अरुंद होण्याची सुरुवातही झाली. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली तिथे आली. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. प्लेगचा अभ्यास म्हणजे उंदरांचा अभ्यास. उंदीर, घुशी, गिनीपिग यांना पिंजऱ्यात ठेवणे, वाढवणे, त्यांच्या पिढ्यांचा हिशेब ठेवणे ही विद्या तिथे रुजली. पुढे याच संस्थेत प्रतिविषासाठी सापांचे विष काढले जाऊ लागले आणि साप सांभाळणे भाग पडले. तेव्हा त्यांच्यासाठी अन्न हाताशीच होते. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे या चार सापांविरुद्धचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होते, त्यासाठी या चौघांचे विष सातत्याने लागते आणि साप जिवंत ठेवावे लागतात. फुरसे कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून यायचे. मुंबईत आल्यावर त्यांच्यासमोर विंचू ठेवायला कोण बसणार होते? बंदिवासात न खाणाऱ्या सापांना बळेच भरवण्याची पद्धत जगभरच्या विषसंस्थांत होती. अंडे, दूध आणि मांसाचा लगदा नळीने थेट जठराशी सोडला जाई. दूध इथेही आले, फक्त वाटीतून नळीत गेले. संस्थेतले प्राणिशास्त्रज्ञ पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. सापांविषयीचे गैरसमज सामान्य वाचकापुढे मोडून काढणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

पांढरा उंदीर रूढ झाला तो त्याच्या सोयीमुळे. तीन आठवड्यांत पिल्ले होतात, लहान-मोठे सर्व आकार मिळतात, हाडांसकट अख्खा गिळला जात असल्याने चुना मिळतो, यकृतातून अ जीवनसत्त्व मिळते. नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर ठेवलेल्या सापाची हाडे ठिसूळ होतात, ती अडचण अख्ख्या उंदराने सुटते. घोणस आणि अजगर यांच्यासाठी तर उंदीर-घूस हे निसर्गातलेही मुख्य अन्न आहे. म्हणून उंदीर चुकीचा आहे असे नव्हे. चूक आहे ती सगळ्या सापांना घोणस समजण्यात.

आदिलाबादचे रान आणि शेत पाहिले की हे पटकन कळते. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला गोदावरीचे खोरे, मध्ये सागाची जंगले, कपाशी-सोयाबीन-ज्वारीची काळी शेते. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, पूर्वेला चंद्रपूर, पश्चिमेला नांदेड. साप दोन्ही बाजूंना तेच, नावे तेवढी वेगळी. तेलुगूत नागुपामु म्हणजे नाग, जेर्रिपोतु म्हणजे धामण, कट्लपामु म्हणजे मण्यार, रक्तपिंजरि म्हणजे घोणस, नीरुकट्टे म्हणजे दिवड, कोंडचिलुव म्हणजे अजगर. पाऊस पडला की ओढ्याकाठी दिवड दिसतो. तो बेडूक आणि मासे खातो, उंदराकडे तो सहसा वळत नाही. धामण उंदरांसाठी प्रसिद्ध असली तरी पावसाळ्यात तिच्या खाण्यात बेडूक भरपूर असतात, झाडावर चढून ती पक्ष्यांची पिल्लेही काढते. मण्यार रात्री निघतो आणि दुसऱ्या सापांमागे जातो, त्यांत स्वतःच्या जातीची पिल्लेही आली. कवड्या घराच्या भिंतीवर चढतो तो पालींसाठी. हरणटोळ कडुलिंबाच्या फांदीवर तासन्तास निश्चल राहून सरडा टिपतो. मांजऱ्यालाही सरडे आणि लहान पक्षी लागतात. कुकरी सरड्या-सापांची अंडी कातरून आत तोंड घालतो. वाळा, ज्याला बरेच जण गांडूळ समजतात, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या वेचतो. वयाप्रमाणे खाणेही बदलते: घोणशीचे पिल्लू सरडे खाते, मोठी झाल्यावर ती उंदरांकडे वळते. ऋतूप्रमाणे बदलते, जागेप्रमाणे बदलते. एकाच बांधावरच्या दोन धामणी वेगवेगळ्या आहारावर जगत असू शकतात.

या यादीत सगळ्यात विलक्षण जागा अंडीखाऊ सापाची आहे. बंगालच्या रंगपूर भागातल्या नमुन्यावरून राइनहार्ट यांनी १८६३ साली त्याचे वर्णन केले. त्यानंतर तो इतका क्वचित दिसला की बरेच अभ्यासक त्याला जवळपास नाहीसा झालेला समजत. २००५ साली वर्ध्याहून मिळालेल्या नमुन्याच्या आधारे महाराष्ट्रातली त्याची पहिली शास्त्रीय नोंद छापली गेली. आदिलाबादहून वर्धा फार दूर नाही. हा साप फक्त पक्ष्यांची अंडी खातो. दात जवळजवळ नसल्यासारखे, आणि मणक्यांचे काटे अन्ननलिकेत आतून पुढे आलेले. अंडे अख्खे गिळायचे, गळ्यापाशी आल्यावर मान आवळायची, त्या काट्यांवर कवच फोडायचे. उंदीर समोर ठेवून हा साप जगवणे अशक्य आहे. त्याच्या पिल्लाला तर मुनियासारख्या लहानशा पक्ष्याचे अंडेच तोंडात मावेल, कोंबडीचे नाही. उंदीर म्हणजे सापाचे अन्न या समजुतीला याहून मोठे उत्तर शोधायची गरज नाही.

सर्पोद्याने उभी राहिली तेव्हा ही विविधता पेलण्याचा प्रश्न आला. चेन्नईत रोम्युलस व्हिटेकर यांनी १९६९ साली सर्पोद्यान सुरू केले. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहून लोकांच्या मनातली सापाची भीती कमी करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यातून लोकांमध्ये निर्माण झालेल्या आस्थेवर १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान आले. हैदराबादचे नेहरू प्राणिसंग्रहालय १९६३ सालचे. तेलंगणातल्या शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी अजगर-नाग पहिल्यांदा तिथे पाहिले. सर्पोद्यानांत नाग, घोणस, अजगर, धामण हे साप उंदीर आणि कोंबडीची पिल्ले घेऊन रुळतात. दिवडासाठी मासे लागतात, हरणटोळ आणि कवड्या बंदिवासात लवकर खंगतात, आणि नागराज, जो आदिलाबादच्या रानात नाही पण प्राणिसंग्रहालयांना हवाहवासा असतो, त्याचे मुख्य अन्नच दुसरे साप. त्याला जगवायचे तर धामण किंवा दिवड मारायचा की नाही, हा पेच जगातल्या प्रत्येक संग्रहालयासमोर आला. उपाय निघाला तो वासाचा. साप चवीपेक्षा वासावर भक्ष्य ओळखतो. मेलेल्या उंदराच्या अंगावर धामणीची कात किंवा सापाचे मांस चोळले की काही नागराज तो घेतात, आणि हळूहळू वास कमी करत त्यांना उंदरावर आणता येते. हीच युक्ती सरडेखाऊ सापांच्या पिल्लांसाठी सरड्याची त्वचा चोळून केली जाते. युक्ती कामाची आहे, सापाचा जीव वाचवते. तरीही तिने उंदराचे फक्त सोंग बदलते, आहार बदलत नाही.

याच काळात कायद्याने आहाराची चौकट आणखी आवळली, आणि हा भाग साप पाळणाऱ्यांच्या चर्चेत फारसा येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ अनुसूचींत उंदीर आणि घुशी पीकनाशक म्हणून पाचव्या अनुसूचीत होत्या, म्हणजे त्यांना मारण्यावर बंदी नव्हती. बेडूक मात्र संरक्षित यादीत आले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत होती, शेतातले बेडूक पोत्यांनी जात होते. ती निर्यात १९८७ साली बंद झाली. साप मारून दुसऱ्या सापाला घालणे तर कायद्याने शक्यच नव्हते. उरला तो उंदीर. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, पाचवी अनुसूची गेली आणि नाग, धामण, घोणस, दिवड असे नेहमीचे सापही सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आले. भारतीय साप घरात ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे, मग तो पूजेसाठी असो, खेळासाठी असो की हौसेसाठी.

म्हणून आज पाळीव साप म्हणजे परदेशी साप. हैदराबाद, पुणे, मुंबईच्या घरांत आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक दिसतात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे. हे साप बहुधा पेटीतच जन्मलेले असतात आणि आयुष्यभर पांढऱ्या उंदरावर जगतात. जगतात हे खरे, पण निसर्गातला बॉल पायथन, विशेषतः तरुण आणि झाडावर चढणारे नर, पक्षीही बरेच खातात, आणि कॉर्न स्नेकची पिल्ले सरडे आणि झाडबेडकांवर वाढतात. पेटीत हालचाल कमी, उंदीर चरबीने भरलेला आणि आठवड्याला ठरलेला. अशाने साप लठ्ठ होतो, यकृतात चरबी साठते.

आहार वाढवायचा तर सोयीचे आणि कायद्यात बसणारे पदार्थ मोजकेच आहेत. उबवणी केंद्रातून येणारे एक दिवसाचे कोंबडीचे पिल्लू त्यांतले पहिले. त्यात पिवळ्या बलकाचा अंश असतो, चरबी उंदरापेक्षा कमी असते, पण हाडे कोवळी असल्याने चुनाही कमी. म्हणून ते अधूनमधून द्यावे, नेहमी नाही. फार्मवर वाढवलेला जपानी लाव्हा, जो १९७० च्या दशकात भारतात कुक्कुटपालनासाठी आला, जास्त चांगला, कारण तो पूर्ण वाढलेला पक्षी असून आकाराने लहान असतो. लाव्ह्याची अंडी काही साप आवडीने घेतात. मात्र नर नसलेल्या फार्मवरच्या, फलित न झालेल्या कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात बायोटिन हे जीवनसत्त्व अडकवून ठेवणारे प्रथिन असते, त्यामुळे नुसत्या अशा अंड्यांवर साप ठेवला तर बायोटिनची कमतरता होते. मासे खाणाऱ्या सापांच्या बाबतीत असाच धोका ब-१ जीवनसत्त्वाचा. गोल्डफिशसारख्या काही माशांत ते नष्ट करणारे विकर असते, गोठवल्याने ते जात नाही, आणि एकाच माशावर ठेवलेला साप थरथरू लागतो, तोंड वर करून पडतो. निरनिराळे मासे आलटून पालटून देणे हाच त्यावरचा उपाय.

शेतातून पकडलेले बेडूक-सरडे देण्याचा मोह पाळणाऱ्याने टाळावा. कायदा तर आडवा येतोच. पण त्यांच्या अंगात जंत असतात, आणि आदिलाबाद-यवतमाळच्या कपाशी पट्ट्यात जिथे फवारणी सतत चालते तिथल्या बेडकाच्या शरीरात कीटकनाशकाचा अंश असण्याची भीती मोठी. भक्ष्य मेलेले, गोठवून मग कोमट पाण्यात वितळवलेले आणि चिमट्याने पुढे धरलेले असावे. जिवंत उंदीर पेटीत सोडला की भुकेला नसलेला साप त्याला मारत नाही, आणि रात्रीत उंदीरच सापाची पाठ कुरतडतो. करमणुकीसाठी एका प्राण्यासमोर दुसरा भक्ष्य म्हणून सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही निषिद्ध आहे. नवे अन्न सुरू करताना दोन जेवणांत पुरेसे अंतर ठेवावे, पहिल्यांदा नेहमीपेक्षा लहान आकार द्यावा, आणि विष्ठा नीट होईपर्यंत पुन्हा ते देऊ नये. पाण्याचे भांडे इतके मोठे असावे की सापाला त्यात पूर्ण बसता येईल.

गावात सर्पमित्राने पकडलेल्या सापाची गोष्ट वेगळी असते. हैदराबादमध्ये १९९५ पासून फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी काम करते आणि नागपंचमीच्या आसपास गारुड्यांकडून सुटलेल्या सापांची शुश्रूषाही करते. ओठांचे टाके काढायचे, हिरडीच्या जखमा धुवायच्या, आणि मग उथळ भांड्यात साधे पाणी. असा साप पुष्कळ वेळ पाणीच पीत राहतो. अन्न त्यानंतर काही दिवसांनी, तेही लहान आणि मऊ. घरातून, खळ्यातून किंवा कपाशीच्या शेतातून धरलेल्या निरोगी सापाला मात्र काहीच भरवत नाहीत. पोटात अन्न असलेला साप हाताळला की घाबरून ते ओकून टाकतो आणि त्यात त्याची शक्ती जाते. त्याला पाणी पाजून, जिथे सापडला त्याच शिवाराच्या कडेला, शक्यतो त्याच दिवशी संध्याकाळी सोडले जाते.